अभ्यासकेंद्राची खुर्ची आणि हिशेब

प्रश्न साधा आहे. ज्या माणसांचा अभ्यास होतो, त्यांच्यातलाच एखादा अभ्यासकेंद्राच्या खुर्चीत जाऊन बसला, तर केंद्र बदलतं की माणूस बदलतो?

हा प्रश्न मी पुस्तकातून उचललेला नाही. मी त्या खुर्चीत बसून आलो आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका वस्तीत जन्मलो. आईच्या ओटीतला कापूस काट्यावर चढताना बघत मोठा झालो. शिकलो, शिकवलं, आणि नोकरीच्या शेवटच्या वर्षांत एका विद्यापीठातल्या प्रादेशिक अभ्यासकेंद्राचा प्रमुख झालो. विद्यापीठाचं नाव सांगत नाही. नाव सांगितलं की प्रश्न त्या विद्यापीठाचा होतो आणि आपण सगळे सुटतो. मला कुणालाच सोडायचं नाही, स्वतःला तर नाहीच.

आमच्या केंद्रानं एक प्रकल्प घेतला होता. विषय : कापूसपट्ट्यातल्या मजूर बायांचं जगणं. केळापूर तालुक्यातल्या एका गावात आमची मुलं प्रश्नावली घेऊन फिरत होती. मी पाहणीला गेलो होतो. एका म्हाताऱ्या बाईच्या दारात बसून आमचा मुलगा विचारत होता, वर्षाला किती दिवस काम मिळतं, घरात कमावते किती, कर्ज किती. बाई उत्तरं देत होती आणि मधूनमधून माझ्याकडं बघत होती. मग तिनं माझं गाव विचारलं. मग वस्ती विचारली. मग म्हणाली,

"म्हंजे तू आपल्यातलाच हायेस ना बाबू? मंग तू काहून इचारतं? तुले त माईतच हाय."

मी हसलो. दुसरं काय करणार? ती पुढं म्हणाली, "माहा आजचा रोज बुडला. बुडला त बुडला. पन तुमी हे लिवून नेता, मंग ते कागद जातेत कोठी?"

मित्रहो, ते कागद कुठं जातात, हे सांगण्यासाठीच हा लेख आहे.

*

आधी हे प्रादेशिक अभ्यासकेंद्र म्हणजे काय ते बघू. जगाचा एक तुकडा घ्यायचा, त्याला 'क्षेत्र' म्हणायचं, आणि त्याची भाषा, इतिहास, राजकारण, शेती, जाती, धर्म हे सगळं एका छपराखाली अभ्यासायचं. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात डब्ल्यू. नॉर्मन ब्राऊन यांनी १९४८ साली दक्षिण आशियाच्या अभ्यासाचा असा विभाग उभा केला. पण या केंद्रांना खरा पैसा मिळाला तो पुढं. १९५७ च्या ऑक्टोबरात रशियानं स्पुटनिक सोडला, अमेरिका दचकली, आणि १९५८ साली तिथं कायदा झाला. त्याचं नावच बघा : राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा. त्या कायद्याच्या सहाव्या भागातून परक्या भाषा आणि परके प्रदेश शिकवणाऱ्या केंद्रांना अनुदान मिळू लागलं. आपली मराठी तिथं शिकवली गेली ती अशी, संरक्षणाच्या खात्यावर.

आपल्याकडंही हे आलं. विद्यापीठ अनुदान आयोगानं साठच्या दशकात क्षेत्र-अभ्यासाची योजना काढली. मुंबई विद्यापीठात १९७१ साली आफ्रिकेच्या अभ्यासाचं केंद्र निघालं. म्हणजे फक्त गोरा माणूसच दुसऱ्याला 'क्षेत्र' करतो असं नाही. आपणही करतो. नागपूर-अमरावतीचा प्राध्यापक कोलामांच्या पोडावर वही घेऊन जातो तेव्हा तोही तेच करतो. मी केळापूर तालुक्यात गेलो तेव्हा मीही तेच केलं. क्षेत्र म्हणजे जिथं अभ्यासक कामाला जातो. तिथं राहणाऱ्यासाठी ते क्षेत्र नसतं, घर असतं.

आता पुस्तकांचं ऐका. १९५४ साली अमेरिकेत पी. एल. ४८० नावाचा कायदा झाला. त्याखाली आपल्याकडं अमेरिकेचा गहू आला. साठच्या दशकात रेशनच्या रांगेत उभ्या राहिलेल्या माणसांना तो लाल गहू अजून आठवतो. त्या गव्हाची किंमत रुपयांत भरली जायची आणि ते रुपये इथंच अमेरिकेच्या खात्यावर जमा व्हायचे. त्यातल्याच काही रुपयांतून १९६२ पासून अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाच्या दिल्ली कचेरीनं भारतीय भाषांतली पुस्तकं-मासिकं विकत घेऊन तिकडच्या विद्यापीठांना पाठवायला सुरुवात केली. गहू आपल्या पोटात आला, पुस्तकं त्यांच्या कपाटात गेली.

यात राग यावा असं काही आहे का? थांबा. सरळ राग येऊ देऊ नका. इकडं आपल्या कितीतरी अनियतकालिकांचे अंक आपणच जपले नाहीत. पावसात भिजले, रद्दीत गेले. तिकडं कपाटात जे गेलं ते निदान टिकलं. एलिनॉर झेलियट यांनी १९६९ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात बाबासाहेब आणि महार चळवळ यावर प्रबंध सादर केला, त्या वेळी महाराष्ट्रातल्या किती विद्यापीठांना हा प्रबंधाचा विषय वाटत होता? टोरांटो विद्यापीठाच्या दक्षिण आशिया अभ्यासकेंद्रात एन. के. वागळे यांच्यासारखा आपल्याकडचा माणूस होता. त्या केंद्रानं महाराष्ट्रातला धर्म आणि समाज या विषयावर १९८७ साली ग्रंथ काढला, त्याच्या दोन संपादकांत वागळे होते. म्हणजे प्रमुखाच्या टेबलाशी कोण आहे यानं फरक पडतो. कपाटात काय येतं, परिसंवादाला कुणाला बोलवलं जातं, हे तिथंच ठरतं.

*

पण दुसरी बाजूही बघितली पाहिजे. १९६५ साली अमेरिकन सैन्याच्या पैशावर चाललेला 'कॅमलॉट' नावाचा प्रकल्प चिलीमध्ये उघडकीला आला. देशांत बंड का होतं आणि ते कसं आवरावं, याचा समाजशास्त्रीय अभ्यास! गदारोळ झाला आणि प्रकल्प गुंडाळावा लागला. १९६८ साली आपल्याकडं हिमालयाच्या सीमेवरच्या देशांच्या अभ्यासाचं प्रकरण गाजलं. बर्कलेच्या विद्यापीठाचा प्रकल्प आणि पैसा अमेरिकेच्या संरक्षण खात्याचा. त्याच वर्षी व्हिएतनामच्या युद्धावरून तिकडच्या आशिया-अभ्यासकांतच फूट पडली. तरुण अभ्यासकांनी वेगळी समिती काढली, पत्रिका काढली. आमचं ज्ञान बॉम्ब टाकणाऱ्याच्या कामी येणार असेल तर आमची जबाबदारी काय, हा प्रश्न त्यांनी आपल्याच गुरूंना विचारला. पुढं त्याच पत्रिकेत दलित कवितांची इंग्रजी भाषांतरं छापून आली, हेही नोंदवून ठेवावं.

या प्रकरणांत अभ्यासक दोषी होते म्हणून आपण मोकळे होतो. पण प्रत्येक प्रकल्पाच्या कागदावर कुठल्यातरी प्रमुखाची सही असते. ती सही करणारा माणूस बहुधा दुष्ट नसतो. तो वेळेवर येतो, फाइल अडवत नाही, पोरांना शिष्यवृत्त्या मिळवून देतो. तो म्हणतो, मी फक्त व्यवस्था बघतो, विषय अभ्यासकांचा. मीही हेच म्हणायचो. 'मी फक्त व्यवस्था बघतो' हे वाक्य आपल्या लोकांनी फार ऐकलं आहे. पाणवठ्यावर उभा राहणाराही व्यवस्थाच बघत होता.

आता माझं सांगतो.

आमच्या प्रकल्पाच्या अनुदानाला खर्चाची शीर्षं होती. प्रवास, उपकरणं, पुस्तकं, परिसंवाद, संशोधन सहायकांचं मानधन, आकस्मिक खर्च. मार्च आला तेव्हा परिसंवाद आणि उपकरणं या दोन शीर्षांत बरीच रक्कम उरली होती. वित्त विभागातून निरोप आला, ३१ मार्चच्या आत खर्च दाखवा, नाहीतर लॅप्स होईल. लॅप्स झालं की पुढचा हप्ता थांबतो. हप्ता थांबला की सहायकांचं मानधन थांबतं.

आमच्याकडं दोन सहायक होते. त्यातली एक मुलगी कोलाम समाजातली होती. तिच्या पोडावरून एम. ए. झालेली ती पहिलीच. तिच्या मानधनावर घरी भावाचं शिक्षण चालू होतं.

मी काय केलं? केंद्रासाठी फिरत्या खुर्च्या घेतल्या. शहरातल्या चांगल्या हॉटेलात दोन दिवसांचा परिसंवाद घेतला. विषय : कापूसपट्ट्यातल्या मजूर बायांचं जगणं. व्यासपीठावर, सभागृहात, जेवणाच्या रांगेत, कुठंही मजूर बाई नव्हती. त्या दिवसांत त्या बाया रानात पऱ्हाट्या उपटत असतील. मग मी उपयोगिता प्रमाणपत्रावर सही केली : मंजूर रक्कम ज्या उद्देशासाठी दिली होती त्याच उद्देशासाठी खर्च झाली आहे.

हे वाक्य खोटं होतं का? कायद्यानं नव्हतं. खुर्च्या केंद्रासाठीच होत्या, परिसंवाद विषयावरच झाला. लेखापरीक्षणात एकही आक्षेप निघाला नाही. पण त्या रात्री मला म्हातारीचं वाक्य आठवलं, माहा रोज बुडला. तिच्या बुडालेल्या रोजासाठी माझ्याकडं शीर्ष नव्हतं.

*

कितीतरी वर्षं मी या सहीवर विचार करत आलो. सही केली नसती तर? मी छाती ठोकून सांगितलं असतं की मी 'नाही' म्हणालो. आपल्या साहित्यात नकाराला मोठी जागा आहे, आणि ती हक्काची आहे. पण त्या नकाराची किंमत कुणी दिली असती? मी नाही. माझा पगार चालूच राहिला असता. किंमत पोडावरच्या त्या मुलीनं दिली असती. दुसऱ्याच्या भाकरीवर उभा राहून केलेला विद्रोह हा विद्रोह असतो का? मला नाही वाटत. म्हणून आजही मी म्हणतो की त्या दिवशीची सही करणं हे मोठं पाप नव्हतं.

पण म्हणून मी सुटलो का? सुटलो नाही. माझी चूक मार्चमध्ये झालीच नव्हती. ती फार आधी झाली होती, जेव्हा मी अंदाजपत्रक लिहायला बसलो तेव्हा. तेव्हा माझ्यासमोर कोरा कागद होता. प्रवास लिहिलं, पुस्तकं लिहिलं, परिसंवाद लिहिलं. 'माहिती देणाऱ्याचा बुडालेला रोज' हे लिहिलं नाही. 'अहवालाची मराठी प्रत गावात नेऊन वाचण्याचा खर्च' हे लिहिलं नाही. कुणी मनाई केली नव्हती. वरच्यांनी कदाचित खोडलंही असतं. पण मी लिहिलंच नाही! का लिहिलं नाही? कारण मला शिकवणाऱ्यांनी जे नमुने दाखवले त्यात ते नव्हतं, आणि मी मुकाट्यानं नमुना उतरवला. खुर्चीत आपला माणूस बसला होता, पण कागद त्यांचाच होता.

म्हणून माझं म्हणणं असं : प्रमुखाची नीती मार्चमध्ये तपासू नका, ती एप्रिलमध्ये तपासा. वर्षाअखेर प्रत्येकजण अडकलेला असतो, तेव्हा प्रामाणिक माणसालाही दोन वाइटांतून एक निवडावं लागतं. सुरुवातीला मात्र हात मोकळे असतात. त्या मोकळ्या हातांनी तुम्ही कुठली शीर्षं लिहिता, त्यात तुमची बांधिलकी दिसते. भाषणात दिसत नाही.

हे शहाणपण माझं नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढं जोतीराव फुल्यांनी जे निवेदन दिलं ते काढून बघा. शिक्षणावर गोड बोलण्यात त्यांनी वेळ घालवला नाही. त्यांनी हिशेब मांडला. सरकारचा महसूल शेतकऱ्या-कष्टकऱ्यांच्या घामातून येतो आणि शिक्षणाचा खर्च वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो, हे कसं? त्यांनी शीर्षांना हात घातला. आपण पुतळ्याला हार घालतो आणि अंदाजपत्रक वित्त विभागावर सोडून देतो.

आणि बाबासाहेब? ९ मे १९१६ ला कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या अभ्यासवर्गात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी जातिसंस्थेवर निबंध वाचला. जरा नजरेसमोर आणा. ज्या 'क्षेत्रा'चा अभ्यास चालतो, तिथला, त्यातल्याही सगळ्यात खालच्या पायरीवरचा माणूस बोलतो आहे. माहिती देत नाही, सिद्धान्त मांडतो आहे. हा फरक महत्त्वाचा. माहिती देणारा म्हणून आपल्याला कुठलंही केंद्र आनंदानं बोलावतं. अर्थ लावणारा म्हणून आपण गेलो की कपाळाला आठ्या पडतात.

पण बाबासाहेब निबंधावर थांबले नाहीत. १९३५ साली ते मुंबईच्या सरकारी विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. म्हणजे खुर्चीत बसले. ती खुर्ची दुसऱ्यानं बनवलेली होती. मग ८ जुलै १९४५ ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय, १९५० ला औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय. पुढं ते मिलिंद झालं. तिथं शीर्षं त्यांनी स्वतः लिहिली. कोण शिकणार, कुठं राहणार, काय खाणार, हे सगळं. दिलेल्या खुर्चीत बसणं आणि आपला कागद आपण लिहिणं, या दोन्हींतलं अंतर त्यांनी कापलं. माझ्यासारखे पुष्कळ जण पहिल्याच टप्प्यावर सत्कार घेत बसले.

आमच्या वऱ्हाडातलेच गाडगेबाबा घ्या. धर्मशाळा बांधल्या, पण स्वतः त्यांचे मालक झाले नाहीत. हातात झाडू आणि खापर. १९४९ साली पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी बाबासाहेबांच्या स्वाधीन केली. संस्था उभी करायची आणि तिच्या गादीवर बसायचं नाही. आज अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. यवतमाळ जिल्ह्यातली महाविद्यालयं त्याच विद्यापीठाखाली येतात. नाव घेणं सोपं असतं.

*

कुणी म्हणेल, हे सगळं भावनेचं झालं. ज्ञानाचा आणि बुडालेल्या रोजाचा काय संबंध? ज्ञान हे ज्ञान असतं.

याला उत्तर मला निवृत्त झाल्यावर मिळालं. अहवाल इंग्रजीत छापून कपाटात गेला होता. मी त्यातली मुख्य प्रकरणं मराठीत लिहून काढली आणि स्वतःच्या खर्चानं त्या गावात गेलो. संध्याकाळी विहारात पंचवीस-तीस बाया, काही माणसं जमली. मी वाचू लागलो. दहा मिनिटांत एक बाई म्हणाली, "हे चूक हाय जी."

काय चूक? आम्ही वेचणीची मजुरी रोजावर मांडली होती. बाया म्हणाल्या, निंदण रोजावर असते, वेचणी किलोवर असते. पहिल्या वेचणीला कापूस भरपूर, शेवटच्या वेचणीला बोंडं फिरून फिरून पाय दुखतात आणि ओटी भरत नाही. मग सरासरी रोज कुठून काढला? दुसरी म्हणाली, "घरचा मुख्य मानूस म्हनून माह्या नवऱ्याचं नाव लिवलं. तो त तीन वर्साचा पुन्याले हाय. घर कोन चालवते?" आमच्या तक्त्यात कुटुंबप्रमुखाच्या रकान्यात पुरुषाचं नाव आपोआप गेलं होतं. बायांचं जगणं अभ्यासायला निघालो आणि रकान्यातच बाई पुसून आलो! माझी स्वतःची आई वेचणीला जायची. मला हे माहीत होतं. तरी प्रश्नावली छापताना मी तज्ज्ञाचा नमुना मानला, आईचा काटा विसरलो.

तेव्हा म्हातारीच्या प्रश्नाचा अर्थ कळला. 'तुले त माईतच हाय, मंग काहून इचारतं?' ती मला टोमणा मारत नव्हती. जे माहीत आहे ते घेऊन तू त्या खुर्चीत का बसत नाहीस, असं तिला विचारायचं होतं, असं मला वाटतं. ती स्वतः त्या सभेला नव्हती, मुलीकडं गेली होती. तिला सांगायचं राहूनच गेलं.

म्हणजे कागद परत नेणं हे उपकार नाहीत, दान नाही. ज्ञान तपासण्याची ती रीत आहे. ज्यांच्याविषयी लिहिलं त्यांच्यापुढं वाचलं नाही तर ते खरं आहे की नाही हे कळणार कसं? परिसंवादात दोन दिवसांत एकाही विद्वानानं ती चूक काढली नव्हती. विहारात दहा मिनिटांत निघाली. न्याय आणि सत्य वेगवेगळ्या खात्यांत नसतात, निदान इथं नव्हते.

*

यवतमाळहून मूर्तिजापूरला एक अरुंद रुळांची गाडी जायची. लोक तिला शकुंतला म्हणतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिश कंपनीनं ती इथला कापूस बाहेर नेण्यासाठी टाकली. कापूस जायचा, कापड यायचं, आणि कापडाचा भाव आपण ठरवत नव्हतो. गाडी थांबून आता काही वर्षं झाली. पण कच्चा माल नेण्याची रीत थांबलेली नाही. आत्महत्यांच्या काळात, २००६ साली पंतप्रधान विदर्भात येऊन सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर करून गेले तेव्हा, आणि २०१७ साली फवारणीच्या विषबाधेनं जिल्ह्यात वीसहून जास्त माणसं मेली तेव्हाही, आमच्या गावांत वह्या घेऊन माणसं आली. दुःख सांगून सांगून काही घरांना ते पाठ झालं. प्रबंध झाले, पदव्या झाल्या, बढत्या झाल्या. किती कागद परत आले?

आज आपली मुलं प्राध्यापक होताहेत, विभागप्रमुख होताहेत, काही परदेशातल्या केंद्रांतही पोचली आहेत. आनंद आहे. त्यांना मी उपदेश करणार नाही, मला तो अधिकार नाही. फक्त माझ्या चुकीचा पत्ता देतो. ती चूक एप्रिल महिन्यात, कोऱ्या कागदावर झाली होती. तुमच्यापुढं तो कागद येईल तेव्हा तीन ओळी आधी लिहा. ज्याचा रोज बुडतो त्याला रोज. ज्यानं सांगितलं त्याची हरकत नसेल तर त्याचं नाव. आणि लिहिलेलं त्याच्या भाषेत, त्याच्या गावात नेऊन वाचण्याचा खर्च. वरच्यांनी या ओळी खोडल्या तर खोडू द्या. खोडणाऱ्याला निदान पेन उचलावं लागेल, आणि खोडल्याची खूण कागदावर राहील.

खुर्चीत कोण बसला हे फोटोत दिसतं. तो कुणाचा होऊन बसला हे अंदाजपत्रकात दिसतं.

म्हातारी विचारत होती, कागद कोठी जातेत? आता तिच्या गावात एक प्रत आहे. विहाराच्या कपाटात, वंदनेच्या पुस्तकाशेजारी. तिच्यावर बायांनी सांगितलेल्या दुरुस्त्या मी शाईनं लिहून ठेवल्या आहेत. विद्यापीठाच्या प्रतीत त्या नाहीत.